रॉल्फ सीव्हर्ट

रॉल्फ माक्सिमिलियन सीव्हर्ट (६ मे १८९६ – ३ ऑक्टोबर १९६६) हे स्वीडिश वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ होते. आयनीकारक प्रारणाचे मोजमाप आणि त्यापासून मानवी शरीराचे संरक्षण हे त्यांच्या संशोधनाचे मुख्य विषय होत. आंतरराष्ट्रीय प्रारण संरक्षण आयोगाच्या पायाभरणीत त्यांचा मोठा वाटा होता व पुढे ते त्या आयोगाचे अध्यक्षही झाले. प्रारणाची शरीराला मिळणारी मात्रा ज्या एककात सांगतात, त्या 'सीव्हर्ट' या आंतरराष्ट्रीय एककाला त्यांचे नाव देण्यात आले आहे. त्यांच्या पुढाकाराने स्वीडनमध्ये सुरू झालेल्या नैसर्गिक प्रारणाच्या अभ्यासातून, राहत्या घरातील हवेत रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू लक्षणीय प्रमाणात असू शकतो, हे १९५० च्या दशकात प्रथमच पद्धतशीर मोजणीने दिसून आले. या शोधाचे महत्त्व जगाच्या लक्षात येण्यास मात्र पुढे सुमारे दोन दशके लागली.

जन्म व शिक्षण

सीव्हर्ट यांचा जन्म स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे झाला. त्यांचे वडील माक्स सीव्हर्ट हे मूळचे जर्मनीचे. स्वीडनमध्ये स्थायिक होऊन त्यांनी स्टॉकहोमजवळील सुंडबीबेर्ग येथे विजेच्या तारा व केबल बनविण्याचा कारखाना उभारला. तो देशातील आघाडीच्या उद्योगांपैकी एक ठरला. घरची सुबत्ता आणि यंत्रांचा सहवास यांमुळे रॉल्फ यांना लहानपणापासूनच विद्युत उपकरणांची ओळख झाली. विद्यार्थिदशेतच त्यांचे पितृछत्र हरपले.

उप्साला विद्यापीठातून १९१९ मध्ये ते पदवीधर झाले. वडिलोपार्जित संपत्तीमुळे उदरनिर्वाहासाठी नोकरी करण्याची त्यांना आवश्यकता नव्हती. ही मोकळीक त्यांनी त्या काळी जवळजवळ कोणीच न हाताळलेल्या एका विषयासाठी वापरली. रुग्णाला दिल्या जाणाऱ्या प्रारणाचे मोजमाप हा तो विषय होय.

तत्कालीन परिस्थिती

व्हिल्हेल्म रॉंटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला आणि १८९८ मध्ये मारी व पिएर क्यूरी यांनी रेडियमचा शोध जाहीर केला. दोन्ही शोधांचा वैद्यकात तत्काळ वापर सुरू झाला. हाडे पाहण्यासाठी क्ष-किरण आणि कर्करोगाच्या गाठी जाळण्यासाठी रेडियम अशी ही नवी साधने होती. परंतु किती प्रारण दिले म्हणजे गाठ जळेल आणि किती दिले म्हणजे निरोगी ऊतकांना इजा होईल, हे सांगणारे विश्वसनीय माप कोणाजवळही नव्हते. त्वचा किती लाल झाली यावरून डॉक्टर अंदाज बांधत असत.

या अज्ञानाची किंमत रुग्णांइतकीच डॉक्टर, परिचारिका व तंत्रज्ञ यांनाही मोजावी लागली. अनेकांच्या बोटांवर न भरणारी व्रणे झाली, काहींचे हात कापावे लागले, तर कित्येक जण कर्करोगाने वा रक्तक्षयाने मरण पावले. अशा व्यक्तींच्या स्मरणार्थ जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे १९३६ मध्ये स्मारकस्तंभ उभारण्यात आला. सीव्हर्ट यांच्या पुढील कार्याची दिशा या पार्श्वभूमीवर ठरली.

रेडियमहेमेटमधील कार्य

स्टॉकहोममधील 'रेडियमहेमेट' हे कर्करोगावर रेडियमने उपचार करणारे रुग्णालय १९१० मध्ये स्थापन झाले होते. त्याचे प्रमुख यॉस्टा फोर्सेल यांच्याकडे सीव्हर्ट १९२० च्या सुमारास गेले आणि उपचारांतील भौतिकशास्त्रीय प्रश्नांवर विनावेतन काम करण्याची तयारी त्यांनी दर्शविली. फोर्सेल यांनी ती मान्य केली. उपकरणांसाठी लागणारा खर्चही सीव्हर्ट यांनी बऱ्याच अंशी स्वतः केला. १९२४ ते १९३७ या काळात ते तेथील भौतिकी प्रयोगशाळेचे प्रमुख होते.

रेडियम त्या काळी बारीक नळ्यांत वा सुयांत भरून गाठीजवळ ठेवले जाई. अशा नळीपासून वेगवेगळ्या अंतरांवर आणि वेगवेगळ्या कोनांत प्रारणाची तीव्रता किती असेल, हे काढण्याची गणिती रीत सीव्हर्ट यांनी १९२१ मध्ये मांडली. नळीच्या धातूच्या भिंतीत किती प्रारण शोषले जाते, याचाही हिशोब त्यात होता. हे सूत्र 'सीव्हर्ट संकल' या नावाने ओळखले जाते आणि संगणक येईपर्यंत, किंबहुना त्यानंतरही, रेडियम-उपचारांच्या आखणीत त्याचा उपयोग होत राहिला.

सीव्हर्ट कोठी

सीव्हर्ट यांनी तयार केलेले सर्वांत उपयुक्त साधन म्हणजे लहान आकाराची धारित्र-आयनीभवन कोठी. तिचे तत्त्व सोपे आहे. दोन विद्युत अग्रांमध्ये थोडीशी हवा बंद करून कोठीला विद्युतभार द्यावयाचा. प्रारण आत शिरले की हवेतील रेणूंपासून आयन तयार होतात व ते साठविलेला भार हळूहळू नाहीसा करतात. किती भार उरला हे विद्युतमापीने नंतर मोजले की, कोठी जेथे ठेवली होती तेथे किती प्रारण पोहोचले हे कळते.

मोजण्याच्या वेळी कोठीला तारा जोडण्याची गरज नसल्यामुळे ती रुग्णाच्या शरीरावर, शरीराच्या पोकळीत किंवा तंत्रज्ञाच्या खिशातही ठेवता येई. प्रारण यंत्रातून किती निघाले यापेक्षा ते माणसापर्यंत किती पोहोचले, याचे मोजमाप त्यामुळे शक्य झाले. या पद्धतीवरील प्रबंधासाठी त्यांना १९३२ मध्ये डॉक्टरेट मिळाली. क्ष-किरण आणि रेडियमचे प्रारण यांबरोबरच अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांच्या मापनाचाही त्या प्रबंधात समावेश होता.

संरक्षणाचे नियम

प्रारणाची कोणती मात्रा सहन करण्याजोगी मानावी, हा प्रश्न १९२५ मध्ये अमेरिकेत आर्थर मुट्शेलर आणि स्वीडनमध्ये सीव्हर्ट यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे हाताळला. त्वचा लाल होण्यास जेवढे प्रारण लागते त्याच्या सुमारे एक दशांशापेक्षा अधिक प्रारण कर्मचाऱ्याला वर्षभरात मिळू नये, असा सीव्हर्ट यांचा प्रस्ताव होता. मुट्शेलर यांनी काढलेली मर्यादाही याच आसपासची होती. प्रारणाच्या संरक्षणासाठी आकड्यात मांडलेल्या आरंभीच्या मर्यादांमध्ये या दोन प्रस्तावांची गणना होते.

जुलै १९२८ मध्ये स्टॉकहोम येथे दुसरी आंतरराष्ट्रीय प्रारणवैद्यक परिषद भरली. तिचे अध्यक्ष फोर्सेल हे होते. क्ष-किरणांच्या मोजमापासाठी 'रॉंटगेन' हे एकक याच परिषदेत स्वीकारण्यात आले. क्ष-किरण व रेडियम यांपासून संरक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय समितीही तेथेच स्थापन झाली. अवघ्या ३२ वर्षांच्या सीव्हर्ट यांचे नाव तिच्या अध्यक्षपदी घोषित झाले. समितीच्या प्रत्यक्ष कामकाजाला ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज के यांनी चालना दिली. १९५० मध्ये या समितीची पुनर्रचना होऊन तिला आंतरराष्ट्रीय प्रारण संरक्षण आयोग हे आजचे नाव मिळाले.

मायदेशी सीव्हर्ट व त्यांचे सहकारी उपकरणे घेऊन निरनिराळ्या शहरांतील रुग्णालयांत जात, क्ष-किरण यंत्रे तपासत आणि भिंती, पडदे व कर्मचाऱ्यांची जागा यांविषयी सूचना करत. राजे पाचवे गुस्ताव्ह यांच्या ७० व्या वाढदिवसानिमित्त १९२८ मध्ये जनतेकडून जमा झालेल्या निधीतून रेडियमहेमेटची नवी वास्तू उभी राहिली आणि तिच्यालगत प्रारण-भौतिकीची स्वतंत्र संस्थाही आकाराला आली. कॅरोलिन्स्का संस्थेत प्रारण-भौतिकीचे प्राध्यापक म्हणून १९४१ मध्ये सीव्हर्ट यांची नियुक्ती झाली. त्याच वर्षी स्वीडनने प्रारण संरक्षणाचा कायदा केला. त्याच्या अंमलबजावणीची तांत्रिक जबाबदारी सीव्हर्ट यांच्या संस्थेकडे आली. १९६५ मध्ये या कामासाठी स्वतंत्र राष्ट्रीय संस्था स्थापन झाली व सीव्हर्ट यांचे सहकारी बू लिंडेल तिचे प्रमुख झाले.

नैसर्गिक प्रारणाचा शोध

दुसऱ्या महायुद्धानंतर सीव्हर्ट यांचे लक्ष रुग्णालयाबाहेरील प्रारणाकडे वळले. यंत्रातून निघणाऱ्या प्रारणाला मर्यादा घालावयाची तर माणसाला निसर्गतः किती प्रारण मिळते हे आधी माहीत हवे, अशी त्यांची भूमिका होती. अवकाशातून येणारे विश्वकिरण, जमिनीतील युरेनियम, थोरियम व पोटॅशियम, आणि अन्नातून शरीरात गेलेले किरणोत्सर्गी पोटॅशियम हे या नैसर्गिक प्रारणाचे मुख्य स्रोत होत.

जिवंत माणसाच्या शरीरातून बाहेर पडणारे अत्यल्प गॅमा प्रारण मोजण्यासाठी त्यांनी उच्च दाबाच्या वायूने भरलेल्या मोठ्या आयनीभवन कोठ्या वापरल्या. बाहेरचे प्रारण आत येऊ नये म्हणून खडकात खोदलेल्या भूमिगत जागेत ही मोजणी करण्यात आली. अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे वातावरणात किरणोत्सर्गी धूळ पसरू लागली, तेव्हा तिच्यावर लक्ष ठेवण्यासाठी स्वीडनभर मापन-केंद्रांचे जाळे उभारण्यातही त्यांनी पुढाकार घेतला.

घरातील हवा आणि रेडॉन

याच कार्यक्रमाचा एक भाग म्हणून बेंग्ट हुल्टक्विस्ट या तरुण संशोधकाकडे स्वीडनमधील घरांतील प्रारण मोजण्याचे काम आले. हुल्टक्विस्ट पुढे अवकाश-भौतिकीकडे वळले आणि उत्तर स्वीडनमधील किरुना येथील भूभौतिकी वेधशाळेचे संस्थापक संचालक म्हणून ख्यातनाम झाले. त्यांचा घरांवरील प्रबंध १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला.

लाकडी घरांत गॅमा प्रारण सर्वांत कमी, विटांच्या घरांत त्याहून अधिक आणि एका विशिष्ट हलक्या काँक्रीटच्या घरांत सर्वांत अधिक, असा क्रम या पाहणीत आढळला. हे काँक्रीट तुरटीयुक्त शेल या काळसर खडकापासून बनविले जाई. त्याच्या निळसर छटेमुळे लोक त्याला 'निळे काँक्रीट' म्हणत. हा खडक युरेनियमयुक्त असतो. १९२९ पासून स्वीडनमध्ये या काँक्रीटचे उत्पादन होत होते. ते स्वस्त होते आणि थंडीला अटकाव करणारे असल्याने लोकप्रियही होते. अशा काही घरांतील हवेत रेडॉन वायूचे प्रमाणही बरेच आढळले.

रेडॉनविषयीची मूलभूत माहिती तोपर्यंत उपलब्ध होती. रेडियमपासून किरणोत्सर्गी वायू बाहेर पडतो, हे फ्रीडरिख डोर्न यांनी १९०० मध्ये दाखवून दिले होते. मध्य युरोपातील श्नेबेर्ग व योआखिमस्टाल येथील खाणकामगारांना होणाऱ्या फुप्फुसाच्या जीवघेण्या विकाराचा उल्लेख सोळाव्या शतकातील गेऑर्ग अग्रिकोला यांच्या ग्रंथातही आहे. श्नेबेर्गच्या कामगारांना होणारा हा विकार म्हणजे फुप्फुसाचा मारक अर्बुद असल्याचे १८७९ मध्ये सिद्ध झाले. तथापि खाणीतला धोका राहत्या घरातही असू शकेल, हा विचार कोणी गंभीरपणे केलेला नव्हता.

हुल्टक्विस्ट यांच्या निष्कर्षांकडेही त्या वेळी फारसे लक्ष गेले नाही. ही स्वीडनमधील एका विशिष्ट बांधकाम-साहित्यापुरती मर्यादित बाब आहे, असा समज दीर्घकाळ कायम राहिला. शिवाय त्या काळच्या घरांत हवा पुरेशी खेळती असे. १९७३ च्या खनिज तेल-संकटानंतर चित्र पालटले. इंधन वाचविण्यासाठी खिडक्या-दारांच्या फटी बुजविण्यात आल्या, वायुवीजन कमी करण्यात आले आणि घरातील रेडॉनचे प्रमाण वाढले. निळ्या काँक्रीटचे उत्पादन १९७५ मध्ये बंद झाले. या प्रश्नाच्या चौकशीसाठी १९७९ मध्ये स्वीडनच्या सरकारने आयोग नेमला आणि त्यानंतर घरांतील रेडॉनवर कायदेशीर मर्यादा घालण्यात आल्या. केवळ भिंतींतूनच नव्हे, तर घराखालच्या जमिनीतूनही रेडॉन मोठ्या प्रमाणावर घरात शिरतो, हेही पुढील मोजण्यांतून स्पष्ट झाले. अमेरिकेतील पेन्सिल्वेनिया राज्यात १९८४ मध्ये एका राहत्या घरात अतिशय अधिक रेडॉन आढळल्यावर हा विषय जगभर चर्चेत आला. तोपर्यंत सीव्हर्ट यांच्या निधनाला १८ वर्षे झाली होती.

फुप्फुसाला मिळणाऱ्या मात्रेचा हिशोब

रेडॉनपासून फुप्फुसाला मिळणारी मात्रा ही प्रत्यक्ष उपकरणाने मोजता येत नाही. ती हिशोबाने काढावी लागते. हवेतील रेडॉनचे प्रमाण दर घनमीटरला बेकेरेल या एककात मोजतात. एक बेकेरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचे विघटन. रेडॉन हा निष्क्रिय वायू असून त्याचे अर्धायुष्य सुमारे ३.८ दिवस आहे. त्यामुळे श्वासाबरोबर आत गेलेला बहुतांश रेडॉन उच्छ्वासाबरोबर बाहेरही पडतो. खरी हानी त्याच्या विघटनातून निर्माण होणाऱ्या पोलोनियमच्या अल्पायुषी समस्थानिकांमुळे होते. हे घन कण हवेतील धुळीला चिकटतात, श्वासनलिकांच्या अस्तरावर बसतात आणि तेथे अल्फा कण सोडतात. ही बाब विल्यम बेल यांनी अमेरिकेत १९५१ मध्ये स्पष्टपणे मांडली.

अल्फा कण कागदाच्या कपट्यानेही अडतो. ऊतकात तो केवळ ५० ते ७० मायक्रोमीटर एवढेच अंतर जातो. त्वचेवर तो निरुपद्रवी ठरतो. परंतु श्वासनलिकेच्या अस्तराखालील नाजूक पेशी नेमक्या याच अंतरात असतात. म्हणून त्याची सर्व ऊर्जा त्या पेशींत उतरते.

हिशोबाच्या पायऱ्या एका उदाहरणावरून समजतील. घरांतील रेडॉनचे जागतिक सरासरी प्रमाण दर घनमीटरला सुमारे ४० बेकेरेल मानले जाते. घरातील हवेत विघटनजन्य कणांचे प्रमाण रेडॉनच्या सुमारे ०.४ पट धरतात. म्हणून ४० ऐवजी १६ हा आकडा घ्यावयाचा. माणूस वर्षातील सुमारे ७,००० तास घरात असतो. १६ ला ७,००० ने गुणल्यास १,१२,००० येतात. संयुक्त राष्ट्रांची शास्त्रीय समिती यातील प्रत्येक एककाला ९ नॅनोसीव्हर्ट हा गुणक लावते. त्यावरून वार्षिक परिणामी मात्रा सुमारे १ मिलिसीव्हर्ट निघते.

ही १ मिलिसीव्हर्ट मात्रा संपूर्ण शरीराच्या हिशोबातील आहे. एकूण शरीरात फुप्फुसाचा भार ०.१२ धरला जातो. प्रारण जवळजवळ सर्वस्वी फुप्फुसालाच मिळत असल्याने उलट भागाकार केल्यास फुप्फुसाची समतुल्य मात्रा सुमारे ८.४ मिलिसीव्हर्ट येते. अल्फा कणांची हानिकारकता गॅमा किरणांच्या २० पट मानतात. त्यामुळे फुप्फुसात प्रत्यक्ष शोषली गेलेली ऊर्जा सुमारे ०.४२ मिलिग्रे एवढीच असते. ऊर्जा थोडी, परिणाम मोठा, असे हे गणित आहे.

आंतरराष्ट्रीय प्रारण संरक्षण आयोगाने २०१७ मध्ये यासाठी वेगळा गुणक सुचविला. त्यानुसार वरील घरातील मात्रा जवळजवळ दुप्पट, म्हणजे सुमारे १.९ मिलिसीव्हर्ट होते. कणांचा आकार, श्वासाचा वेग आणि कोणत्या पेशी असुरक्षित मानावयाच्या याविषयीच्या गृहीतकांवर हे आकडे अवलंबून असतात. म्हणून दोन्ही संस्थांचे आकडे वेगळे असले, तरी रेडॉन हा नैसर्गिक प्रारणाचा सर्वांत मोठा घटक आहे, याविषयी मतभेद नाही.

हाच हिशोब दर घनमीटरला १,००० बेकेरेल रेडॉन असलेल्या घराला लावल्यास वार्षिक मात्रा २५ मिलिसीव्हर्टच्या घरात जाते. अणुऊर्जा क्षेत्रातील कर्मचाऱ्यांसाठी आज वर्षाला सरासरी २० मिलिसीव्हर्ट ही मर्यादा आहे. म्हणजे अशा घरात नुसते राहणाऱ्या व्यक्तीला, त्यात लहान मुलेही आली, अणुभट्टीतील कर्मचाऱ्याला अनुज्ञेय असलेल्या मात्रेपेक्षा अधिक प्रारण मिळते; आणि त्याची त्यांना गंधवार्ताही नसते, कारण रेडॉनला रंग, गंध वा चव नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने १९८८ मध्ये रेडॉनला मानवी कर्करोगाचे निश्चित कारण ठरविले. युरोपातील अनेक अभ्यासांच्या २००५ मधील एकत्रित विश्लेषणानुसार रेडॉनचे दीर्घकालीन प्रमाण दर १०० बेकेरेलने वाढले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. धूम्रपान करणाऱ्यांत हा धोका मुळातच मोठा असल्याने ही वाढ त्यांना विशेष भोवते. घरासाठी दर घनमीटरला १०० बेकेरेल ही संदर्भपातळी जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये सुचविली असून, ती पाळणे शक्य नसेल तेथेही ३०० च्या वर जाऊ नये, असे म्हटले आहे.

आंतरराष्ट्रीय जबाबदाऱ्या

अणुबॉम्बच्या चाचण्यांविषयीच्या चिंतेतून संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९५५ मध्ये आण्विक प्रारणाच्या परिणामांचा अभ्यास करणारी शास्त्रीय समिती नेमली. पंधरा सदस्य देशांमध्ये स्वीडन आणि भारत या दोघांचाही समावेश होता. १९५० च्या दशकाच्या अखेरीस सीव्हर्ट या समितीचे अध्यक्ष होते. शीतयुद्धाच्या त्या काळात अमेरिका व सोव्हिएत संघ यांच्या शास्त्रज्ञांना एकाच अहवालावर सहमत करणे हे मुत्सद्देगिरीचेही काम होते.

१९५६ ते १९६२ या काळात ते आंतरराष्ट्रीय प्रारण संरक्षण आयोगाचे अध्यक्ष होते. या काळात आयोगाने प्रारणक्षेत्रातील कर्मचाऱ्यांसाठी वर्षाला सरासरी ५ रेम, म्हणजे आजच्या भाषेत ५० मिलिसीव्हर्ट, ही मर्यादा स्वीकारली आणि सर्वसामान्य जनतेच्या संरक्षणाचाही विचार सुरू केला. मर्यादेखालची मात्रा म्हणजे पूर्णतः निर्धोक मात्रा, हा जुना समज या काळात मागे पडला. थोड्या मात्रेचाही थोडा धोका असू शकतो, हे गृहीत धरून नियम करण्याची पद्धत रूढ झाली.

निधन व 'सीव्हर्ट' एकक

३ ऑक्टोबर १९६६ रोजी स्टॉकहोम येथे, वयाच्या ७१ व्या वर्षी सीव्हर्ट यांचे निधन झाले. आंतरराष्ट्रीय प्रारण संरक्षण संघाच्या परिषदांमध्ये १९७३ पासून त्यांच्या नावाने व्याख्यान आयोजित केले जाते.

वजने व मापे यांविषयीच्या सोळाव्या सर्वसाधारण परिषदेने १९७९ मध्ये मात्रेच्या नव्या एककाला सीव्हर्ट हे नाव दिले. एक सीव्हर्ट म्हणजे १०० रेम. हे एकक फार मोठे असल्यामुळे व्यवहारात त्याचा हजारावा भाग, म्हणजे मिलिसीव्हर्ट, वापरतात. जगातील सरासरी माणसाला निसर्गतः वर्षाला सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट प्रारण मिळते व त्यातील सुमारे निम्मा वाटा रेडॉन आणि त्याच्या वर्गातील थोरॉन यांचा असतो. सीव्हर्ट यांनी स्वतः हे एकक कधीही वापरले नाही; त्यांच्या काळात रॉंटगेन, रॅड व रेम ही एकके प्रचारात होती.

भारत व महाराष्ट्राच्या संदर्भात

भारतात प्रारण-संरक्षणाचे कार्य मुख्यतः मुंबईजवळील तुर्भे (ट्रॉम्बे) येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या, आज भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत विकसित झाले. रुग्णालये व उद्योग यांतील कर्मचारी छातीवर जो प्रारणमापक बिल्ला लावतात, तो सीव्हर्ट यांच्या खिशात मावणाऱ्या कोठीचाच वैचारिक वारस म्हणता येईल. त्यावरील नोंद मिलिसीव्हर्टमध्येच केली जाते. १९८३ मध्ये स्थापन झालेले व मुंबईत मुख्यालय असलेले अणुऊर्जा नियामक मंडळ या मर्यादांचे नियमन करते.

घरांतील रेडॉन मोजण्यासाठी भाभा केंद्रातील शास्त्रज्ञांनी दोन कप्प्यांचे साधन विकसित केले. त्यात एका खास प्लॅस्टिकची पट्टी असते. अल्फा कण तिच्यावर आदळले की अदृश्य ओरखडे उमटतात. सुमारे तीन महिने पट्टी घरात टांगून ठेवल्यावर ती कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात बुडवितात. त्यामुळे ओरखडे ठळक होतात व ते मोजून रेडॉनचे प्रमाण काढता येते. दोन कप्प्यांमुळे रेडॉन आणि थोरॉन यांचा वेगवेगळा हिशोब करता येतो. थोरियमयुक्त वाळूमुळे ज्ञात असलेल्या केरळच्या किनाऱ्यासारख्या प्रदेशात हा भेद महत्त्वाचा ठरतो.

महाराष्ट्राचा मोठा भाग दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. ग्रॅनाइटच्या तुलनेत या खडकात युरेनियम कमी असते. रायगड जिल्ह्यात पेण व रोहा यांदरम्यान असलेल्या कासूसारख्या गावांत काळ्या दगडाचे जोते आणि वर कौलारू छप्पर अशी घरे परंपरेने बांधली जात. कौलांच्या फटींतून व उघड्या पडवीतून हवा सतत खेळत राहत असल्याने अशा घरात रेडॉन साचण्यास वाव कमी असतो. मात्र वातानुकूलनासाठी दारे-खिडक्या बंद ठेवण्याची पद्धत वाढत आहे. स्वीडनमध्ये १९७३ नंतर जे घडले, त्याचा धडा येथे लागू पडतो: दगड कमी किरणोत्सर्गी असला तरी कोंडलेल्या हवेचा प्रश्न स्वतंत्रच असतो. खोलीत हवा खेळती ठेवणे, जमिनीच्या भेगा बुजविणे आणि शंका असल्यास मोजणी करणे, हे त्यावरील साधे उपाय होत.

कार्याचे महत्त्व

एखादा अदृश्य धोका आधी मोजावा आणि मग त्याविषयी नियम करावेत, ही शिस्त प्रारणाच्या क्षेत्रात रुजविण्याचे श्रेय ज्यांना जाते, त्यांत सीव्हर्ट अग्रभागी आहेत. प्रथम रुग्ण, मग कर्मचारी आणि अखेरीस आपल्या घरात निर्धास्त बसलेला सामान्य माणूस, असा त्यांच्या मापनाचा परीघ क्रमाने विस्तारत गेला. घरांतील रेडॉनविषयीच्या निष्कर्षांची वेळीच दखल घेतली गेली नाही, हे या कार्यातील अपुरेपण होय; मोजमाप हाती आले तरी समाजाने त्याची दखल घेणे ही निराळी पायरी असते, हे त्यावरून दिसते. आज जगात कोठेही घरातील रेडॉनपासून फुप्फुसाला होणाऱ्या धोक्याचा हिशोब मांडला जातो, तेव्हा त्याचे उत्तर सीव्हर्ट यांच्याच नावाच्या एककात लिहिले जाते.